पाच मोळ्या, तीन सुट्या काड्या

पत्र :

बाई, नमस्कार. मी मूळची सांगली जिल्ह्यातली. ‘पवित्र’ या शिक्षकभरतीच्या पोर्टलमधून शिक्षणसेवक म्हणून निवड झाली आणि या जूनमध्ये बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. शाळा द्विशिक्षकी आहे. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सरांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. पहिलीत ११ मुलं, दुसरीत १३, आणि खोली एकच. पहिलीला शिकवायला घेतलं की दुसरीत मारामाऱ्या सुरू होतात. दुसरीकडे वळले की पहिलीतली दोघं-तिघं दप्तर उचलून थेट घरी. परिपाठ, हजेरी, खिचडी, माहिती भरणं यात दिवस कुठे जातो ते कळत नाही. संध्याकाळी एसटीत बसले की वाटतं, आज मी काय शिकवलं? पालक म्हणतात, पोरांच्या वहीत काहीच नसतं. दुसरीतला एक मुलगा जूनपासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, त्याला अक्षरओळखही नाही. केंद्रप्रमुखांनी निपुणची, म्हणजे कुणाला कितपत वाचता-मोजता येतं त्याची, यादी मागितली तेव्हा त्याच्या नावापुढे काय लिहावं ते कळेना. त्यात सर म्हणाले, दिवाळीनंतर यातली सात मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. दिवसाची आखणी कशी करू, सांगाल का?

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तू म्हणते. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गावर. तुझी खोली मला डोळ्यांसमोर दिसते.

आधी संध्याकाळच्या त्या प्रश्नाचं बघू. ‘आज मी काय शिकवलं’ असं स्वतःला विचारत राहिलीस तर उत्तर रोज अपुरंच येणार, कारण दोन इयत्तांचा अभ्यासक्रम एका दिवसात कुणाच्याच हाताला लागत नाही. त्याऐवजी एका कोऱ्या कागदावर चोवीस नावं लिही आणि कागद टेबलाच्या खणात ठेव. दिवसभरात जे मूल तुझ्यासमोर येऊन स्वतःच्या तोंडानं काही वाचेल, मोजून दाखवेल किंवा सांगेल, त्याच्या नावापुढे एक टिंब दे. सगळ्यांनी मिळून ओरडलेलं धरायचं नाही. एकट्यानं, तुझ्याकडे बघून बोललेलं तेवढंच धरायचं. पहिल्या आठवड्यात तुला दिसेल की पाच-सहा मुलांपुढे टिंबांची रांग लागली आहे आणि आठ-नऊ नावं कोरी आहेत. ती कोरी नावं रोज हजर असतात, रोज खिचडी खातात, रोज ‘उपस्थित बाई’ म्हणतात, आणि तरीही त्यांची शाळा सुरूच झालेली नसते. दिवसाची आखणी या कागदावरून करायची. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

वेळ नाही म्हणतेस. हिशोब करून बघू. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. तुझी शाळा साडेदहा ते पाच असेल तर परिपाठ, जेवणाची सुट्टी, लघवीची सुट्टी आणि खेळाचा तास वजा जाऊन तेवढे चार तास हातात राहतात. एका मुलाला तीन मिनिटं दिलीस तर चोवीस मुलांची बहात्तर मिनिटं होतात. ते रोज जमणार नाही. पण आज बारा आणि उद्या बारा असं केलंस तर रोजची छत्तीसच मिनिटं लागतात. चार तासांतून छत्तीस मिनिटं निघू शकतात. अट एकच, त्या वेळात उरलेली मुलं तुझ्यावाचून कामात असली पाहिजेत. तुझी खरी अडचण तिथे आहे.

दुसरीत मारामाऱ्या का होतात? तू पहिलीकडे वळताना दुसरीला काय देऊन जातेस ते आठव. बहुतेक ‘धडा तीन वाचा’ किंवा ‘फळ्यावरचं उतरवून घ्या’. ज्यांना वाचता येतं त्यांचं चार मिनिटांत होतं आणि ते रिकामे होतात. ज्यांना येत नाही ते पहिल्या मिनिटापासूनच रिकामे असतात. दोन्ही टोकांची रिकामी मुलं शेजारी बसली की काय होणार? स्वतः करायच्या कामाला माझा एक नियम होता : ते नवं असता कामा नये. काल माझ्यासमोर जे जमलं तेच आज माझ्याशिवाय करायचं. चिंचोके मोजून वाटीत टाकणं, शब्दकार्डं आणि चित्रकार्डं यांच्या जोड्या लावणं, जोडीदाराला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवणं, पाटीवर स्वतःच्या घरातल्या माणसांची नावं लिहिणं. ही कामं वरवर साधी वाटतात, पण ती बसवायला मला दर वर्षी जून आणि जुलै असे दोन पूर्ण महिने लागायचे. त्या दोन महिन्यांत मी पुस्तक फार पुढे नेत नसे. साहित्य कुठून घ्यायचं, कुठे ठेवायचं, अडलं तर आधी कुणाला विचारायचं, संपलं तर पुढे काय करायचं, एवढंच शिकवायचे. ऑगस्टपासून त्याचं फळ दिसायला लागायचं. तुझा सप्टेंबर चालू आहे, हरकत नाही. आता दोन आठवडे त्याला दे.

आणि पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिका भिंतीवरच्या वेळापत्रकावर राहू देत. सहा वर्षांच्या मुलाचं बूड बारा-पंधरा मिनिटांच्या वर एका कामावर टिकत नाही. पंधरा मिनिटं पहिली तुझ्याजवळ आणि दुसरी स्वतःच्या कामात, मग अदलाबदल, मग पाच मिनिटं सगळ्यांनी उठून बडबडगीत. त्यानंतर पुन्हा तेच चक्र. एका इयत्तेनं फळ्याकडे आणि दुसरीनं मागच्या भिंतीकडे तोंड करून बसायचं. मागच्या भिंतीवर मुलांच्या हाताला पोचेल इतका खाली एक पट्टा काळा रंगवून घे. त्या पट्ट्यावर लिहायला मिळतं म्हणून पोरं भांडण विसरतात.

आता सकाळचं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना हे व्हायलाच हवं, पण वीस मिनिटांत उरक. दिनविशेष आणि सुविचार मोठ्या मुलांनी वहीतून वाचायचे आणि लहानग्यांनी उन्हात उभं राहून पायानं माती उकरायची, हे मी फार पाहिलं. बातम्यांच्या जागी तुझ्या चोवीस जणांना त्यांची बातमी विचार. वर्तमानपत्रातली नको, घरातली. ‘आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली.’ ‘आज्जी पडली.’ ‘नळाला पाणी आलं न्हाई.’ वर्गात गेल्यावर त्यातली एक बातमी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिही, मुलानं सांगितली तशीच. ‘न्हाई’ म्हणाला असेल तर पहिले काही महिने ‘न्हाई’च लिही. प्रमाण भाषा पुढे येते, घाई नको. तांड्यावरची मुलं असतील आणि आईला ‘याडी’ म्हणत असतील तर फळ्यावर ‘याडी’ उमटू दे. ज्याची बातमी, त्याचं नाव खाली. मग सगळ्यांनी मिळून बोट फिरवत वाचायची.

या एका ओळीवर दोन्ही इयत्तांचा भाषेचा पहिला तास निघतो. पहिलीनं त्यात ओळखीची अक्षरं शोधून गोल करायचा. ‘शेळी’तला ‘ळ’ आणखी कुठल्या शब्दात ऐकू येतो ते सांगायचं : केळ, पळ, बाभूळ. दुसरीनं ओळ पाटीवर उतरवून तिच्या पुढची ओळ स्वतः लिहायची : पिल्लं कोणत्या रंगाची, रात्री कुठे बांधली. ज्याची शेळी त्याला सगळे प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तरं द्यावीच लागतात. तुझ्या कागदावर त्या दिवशी एक टिंब फुकटात पडतं.

अक्षरं ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत रांगेनं शिकवत असशील तर थांबव. आपल्या जुन्या पुस्तकांत ‘गमभन’ होतं ते उगाच नव्हतं. ती अक्षरं लिहायला सोपी, दंडाची, एकमेकांच्या जवळची आणि लगेच शब्द देणारी. चार अक्षरं आली की काना दे, बाराखडीची वाट बघू नकोस. क, म, र, स आणि काना एवढ्यावर काका, मामा, मका, रस, काम, सारा हे शब्द मूल स्वतः वाचतं. आपण वाचलं, हे त्याला त्या दिवशी कळतं. सगळी मुळाक्षरं आणि मग सगळी बाराखडी अशा वाटेनं गेलं तर तो दिवस चार-पाच महिने पुढे जातो, आणि तुझ्या सात मुलांकडे तेवढे महिने नाहीत.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तुझ्यावर वह्या भरायचा दबाव आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्रत्येक अक्षर दहा-दहा वेळा लिहून आणायला सांगायची. एका मुलीची वही इतकी देखणी असायची की मी ती शेजारच्या वर्गात दाखवायला नेत असे. मार्च महिन्यात तिला जवळ बसवून तिच्याच वहीतला ‘घर’ हा शब्द वाच म्हटलं. ती वहीकडे बघत राहिली. तिनं वर्षभर अक्षरांची चित्रं काढली होती, रांगोळीतले ठिपके जोडावेत तशी. तिच्या हाताला सगळं येत होतं आणि मी एकदाही तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती मुलगी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. त्यानंतर मी तो चोवीस नावांचा कागद सुरू केला. तेव्हा नावं अडतीस होती.

गणिताकडे येते. इथे मराठीचीच एक अडचण आहे. आपण संख्या लिहितो दशकापासून आणि म्हणतो एककापासून. ‘पस्तीस’ म्हटलं की मुलाला आधी पाच ऐकू येतो, मग तीस, आणि ते लिहितं ५३. ‘त्रेपन्न’ म्हटलं की लिहितं ३५. ‘एकोणतीस’ला तर कानावर तीस पडतं आणि लिहायचे असतात २९, मग कुणी ३९ लिहितं. ही मुलं मठ्ठ नसतात, नीट कान देणारी असतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या नावांसोबत ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचनही आलं तेव्हा केवढा गहजब झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर तेव्हा पुन्हा पुन्हा समजावून सांगत होत्या की जोडाक्षरांच्या आणि उलट्या क्रमाच्या या नावांपाशी लहान मुलं अडखळतात, आणि नवी पद्धत जुन्या नावांच्या जोडीला आहे. मला ते तेव्हाही पटलं होतं. पहिलीच्या वर्गात ज्यानं महिनाभर काढलाय त्याला पटायलाच हवं. तू वर्गात दोन्ही वापर : ‘पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न.’ नाव रद्द करायचं नाही, फक्त पोचायला एक पायरी द्यायची.

आणि दशक शिकवायला दुकानातलं काही आणू नकोस. तुझं मानधन १६,००० रुपये, त्यातून खोलीभाडं आणि एसटी. साहित्यावर स्वतःचा पैसा घालायचा नाही, हे मी आईच्या अधिकारानं सांगते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तेव्हा परदेशी महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, माती असं आसपासचं वापरलं. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. तुझ्या शाळेभोवती तुरीचं रान असेल. गेल्या वर्षीच्या तुराट्या कुणाच्याही गोठ्यामागे पडलेल्या सापडतील. बोटभर लांबीचे तुकडे करून घे. दहा काड्यांची एक मोळी बांधायची. ‘दशक’ हा शब्द नंतर. आधी ‘मोळी’ आणि ‘सुट्या’. पाच मोळ्या, तीन सुट्या : त्रेपन्न. त्यातून सात काढायच्या तर सुट्या पुरत नाहीत, एक मोळी सोडावी लागते. हातच्याची वजाबाकी मुलं अशी बोटांनी शिकतात आणि मग पाटीवर लिहिताना ती काय लिहिताहेत हे त्यांना माहीत असतं.

मोळीचं हे मला एका मुलानं शिकवलं. तुझ्या त्या न बोलणाऱ्या मुलाचं वाचलं आणि तोच आठवला.

तोही दुसरीत होता. आईबाप दरवर्षी तोडीला, त्यामुळे पहिलीचं अर्धं वर्ष त्याचं उसाच्या फडातच गेलेलं. एप्रिलमध्ये आला तो गप्प. मी प्रश्न विचारला की मान खाली घालायचा. मी ‘वाच’ म्हणायची, तो पुस्तकाच्या कडेला नख घासत राहायचा. एके दिवशी मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावत होते. तो उठून आला. माझ्या हातातला गठ्ठा घेतला, रबर काढून टाकलं, खिडकीला टांगलेली सुतळी ओढली, गठ्ठा गुडघ्याखाली दाबला आणि सुतळीला पीळ देऊन टोक आत खोचलं. म्हणाला, ‘आशी बांधत्यात बाई, न्हाईतर डोक्यावं सुटती.’ तीन महिन्यांतलं त्याचं ते पहिलं वाक्य. मी ते फळ्यावर लिहिलं, खाली त्याचं नाव. तो त्या ओळीसमोर सुट्टी होईपर्यंत उभा होता. वाचायला त्याला पुढे सहा-सात आठवडे लागले, पण सुरुवात त्या ओळीतल्या ‘बाई’ या शब्दानं झाली.

तुझा मुलगाही तोडीला जाणाऱ्यांतला आहे का, हे तू लिहिलं नाहीस. मला वाटतं असावा. तपासून बघ : गेल्या वर्षीच्या हजेरीत दिवाळी ते होळी त्याच्या नावापुढे काय आहे. मग तो अक्षरांत मागे का आहे याचं उत्तर लगेच मिळेल आणि त्याच्या डोक्याबद्दलची शंका मनातून जाईल. त्याला सध्या वाचायला सांगू नकोस. रोजची तीन मिनिटं त्याला दे, सलग, एक दिवसही न चुकवता, पण त्यात काम सांग : खडू आण, मोळ्या मोज, भाकरी आज कशाबरोबर आणलीस ते सांग. तो बोलला नाही तरी तू शेजारी बसून बोल. तू सांगलीकडची आहेस. तुझ्या गावच्या फडात दरवर्षी ज्या टोळ्या येतात त्या याच भागातल्या. शाळेत जाता-येता उसाच्या कडेच्या कोप्या, तोडकऱ्यांच्या त्या झोपड्या, तू लहानपणापासून पाहिल्या असशील, बाहेर चुलीपाशी भावंडाला कडेवर घेतलेली मुलं पाहिली असशील. त्याला सांग की तुझं गाव मी पाहिलं नव्हतं, पण तुझी कोपी पाहिली आहे. विचार, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना कोण टाकायचं? मोळी उचलताना पाठीमागून हात कोण लावायचं? फड, मोळी, वाढं, कोपी, मुकादम, कोयता हे शब्द त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतात. त्याची पहिली शब्दकार्डं याच शब्दांची कर. एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर त्याचे कान तपासून घे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना आवर्जून दाखव. कमी ऐकू येणारी मुलं लाजाळू समजली जातात, आणि लाजाळू म्हणून वर्षं वाया जातात.

खिचडीबद्दल तू जरा त्रासून लिहिलं आहेस. खरं आहे, तांदूळ मोजून देणं, चव घेणं, नोंदी, यात सरांचा आणि तुझा वेळ जातो. पण तो वेळ वर्गात ओढून घे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. दुसरीनं रोज सकाळी दोन्ही खोल्यांची हजेरी घेऊन यायची आणि बेरीज सांगायची : आज आपल्याकडे बावीस, सरांकडे एकोणीस, मिळून एकेचाळीस. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तो आकडा मुलांनीच सांगायचा. ताटं मोजून मांडायची, पाच-पाचच्या रांगा लावायच्या, शेवटच्या रांगेत किती कमी पडली ते बघायचं. हात धुवायच्या रांगेत पाढा म्हणायचा. मावशींना एक दिवस वर्गात बसवून खिचडी कशी करतात ते मुलांना सांगायला लाव आणि तेच त्या दिवशी फळ्यावर लिही. त्यांना फार आनंद होतो, आणि मुलं त्या दिवशी ताटात टाकत नाहीत.

वहीचं पालकांना कसं समजवायचं? भांडायचं नाही. त्यांची मागणी खोटी नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या पोराची भरलेली वही शेजारच्या घरात दिसते आणि आपलं पोर मागे राहतंय अशी धास्ती वाटते. तू आठवड्यातून एक दिवस वहीचा ठेव. शुक्रवारी प्रत्येक मुलानं एक पान स्वच्छ लिहायचं. पहिलीनं स्वतःचं नाव, तीन शब्द आणि एक चित्र. दुसरीनं स्वतःच्या मनातली तीन-चार वाक्यं. बाकी दिवस पाटी. पाटीवर चुकलेलं पुसता येतं, म्हणून मूल चुकायला घाबरत नाही. आणि महिन्यातून एकदा माता-पालक गटातल्या बायकांना अर्ध्या तासासाठी बोलाव, संध्याकाळी, त्यांच्या सोयीनं. भाषण करू नकोस. प्रत्येक मुलाला आईच्या शेजारी बसवून त्याला येतं तेवढं वाचायला लाव. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिच्या कानावर आपल्या लेकराच्या तोंडून एक ओळ पडली की ती पुन्हा वहीचं विचारत नाही. मी हे पाहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

निपुणच्या यादीला घाबरू नकोस. त्यात पहिलीअखेर चार-पाच सोप्या शब्दांची वाक्यं आणि ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचणं आणि ९९९ पर्यंतच्या संख्या असं सांगितलं आहे. लक्ष्य वाईट नाही. वाईट असतं ते खोटं लिहिणं. त्या मुलाच्या नावापुढे आज जे आहे तेच लिही : अक्षरओळख नाही. शेजारी तारीख टाक. केंद्रप्रमुख विचारतील तेव्हा तुझा टिंबांचा कागद दाखव आणि त्याच्यासाठी रोज काय करते आहेस ते सांग. बहुतेक केंद्रप्रमुख स्वतः शिक्षक होते, त्यांना कळतं. यादीत सगळे निपुण दाखवले की पुढच्या वर्षी त्या मुलाकडे कुणीच बघत नाही, हे मात्र मी नक्की सांगते.

शनिवार मोकळा ठेव. आता ‘आनंददायी शनिवार’ आहेच, तर त्याला खरोखर आनंदाचा होऊ दे. ओढ्याकाठी जा, पानं गोळा करा, मातीचे बैल करा. आणि रोज शेवटची वीस मिनिटं, काहीही झालं तरी, दोन्ही इयत्तांना एकत्र बसवून गोष्ट वाचून दाखव. सांगू नकोस, पुस्तक हातात धरून वाच. आपली बाई या काळ्या रेघांतून गोष्ट काढते, हे मुलांनी रोज बघायला हवं. आज पाठ्यपुस्तकाचं पान राहिलं तरी चालेल, ही वीस मिनिटं राहता कामा नयेत. गोष्ट अर्ध्यावर थांबवलीस तर ते दोघं-तिघं पळकुटेही दुसऱ्या दिवशी वेळेवर येतील.

राहिली ती सात मुलं. याला उशीर करू नकोस, दसऱ्याच्या आधीच हात घाल. मुख्याध्यापकांशी बोलून सातही घरी जा. आजी-आजोबा किंवा चुलते गावातच राहणार असतील तर मूल त्यांच्यापाशी ठेवायला आईबाप तयार होतात का ते विचार. शाळा व्यवस्थापन समितीकडून हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप तोडीला असेपर्यंत मुलांना गावातच ठेवण्याच्या सोयीचा, प्रस्ताव वेळेत जायला हवा. त्यात मुलांच्या जेवणाची सोय होते, आणि आईबापांची खरी काळजी तीच असते. मुलींच्या बाबतीत आई नको म्हणेल तर आग्रह करताना जपून कर. तिची भीती वेगळी असते आणि ती खरी असते. जी मुलं जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड दे, म्हणजे जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेत त्यांना बसता येईल. कार्डावर वर्गात काय येतं ते नीट लिही : ‘काना आणि बारा अक्षरं येतात, वीसपर्यंत मोळ्यांनी मोजतो.’ पुढच्या बाईला ‘इयत्ता दुसरी’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. टोळी सांगली-कोल्हापूरकडे जाणार असेल तर तुझं गाव तुला उपयोगी पडेल. तिथल्या शाळेतल्या ओळखीच्या शिक्षकांना फोन करून ठेव की अमुक कारखान्याच्या तळावर माझी दोन मुलं येताहेत. प्रत्येकाला एक छोटी थैली शिवून दे : पाटी, त्याची स्वतःची शब्दकार्डं, दहा-दहाच्या काही मोळ्या, एक गोष्टीचं पुस्तक. टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन नंबर आणि कारखान्याचं नाव तुझ्याकडे लिहून ठेव. दिवाळीची सुट्टी लागली की ट्रक रात्रीतून निघतात, आणि सकाळी घराला कडी दिसते. म्हणून थैल्या सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत तयार पाहिजेत.